सातबाऱ्यावरचे नाव, बाटलीवरचे नाव

वाइन हा शब्द उच्चारला की आपल्याकडे दोनच तऱ्हेची माणसे बोलू लागतात. एक, तिला सरळ दारू म्हणून नाक मुरडणारी. आणि दुसरी, पेला गोल गोल फिरवत तिच्या वासात कधी पेरू तर कधी ओले गवत शोधणारी. दोघेही तावातावाने बोलतात. गप्प असतो तो तिसरा, म्हणजे द्राक्षे पिकवणारा. त्याचे नाव ना पहिल्याच्या भाषणात येते, ना दुसऱ्याच्या कौतुकात. त्याचे नाव असते फक्त सातबाऱ्यावर.

माझे मूळ गाव निफाड तालुक्यातले. वडिलांनी आणि त्यांच्यामागून थोरल्या भावाने उभा जन्म द्राक्षे पिकवली. मी बँकेत चिकटलो, पण सुटी म्हणजे छाटणी नाहीतर काढणी हे निवृत्त होईपर्यंत ठरलेले होते. त्यामुळे द्राक्ष म्हटले की मला आधी चव आठवत नाही, भाव आठवतो. व्यापाऱ्याचा माणूस बागेत येतो, एखादा घड तळहातावर तोलतो, दोन मणी तोंडात टाकतो आणि एक आकडा सांगतो. त्या आकड्यावर वर्षाचे गणित जमते किंवा मोडते. माल गाडीत चढला की तो आपला राहत नाही. पुढे तो दिल्लीला गेला की दुबईला, कोणी खाल्ला, त्याला गोड लागला की आंबट, याचा निरोप कधी बांधावर येत नाही. एका वर्षी तर माल नेणाऱ्या व्यापाऱ्याचा फोनच लागेनासा झाला. भावाच्या हातात उरली ती वजनाची चिठ्ठी. द्राक्षपट्ट्यात ही काही नवलाई नाही. दर हंगामात कुठल्या ना कुठल्या गावात असे घडतेच.

म्हणूनच २०२४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत रोचेस्टरला भाचीकडे मुक्कामाला असताना तिने ‘फिंगर लेक्स’च्या वाइनरी पाहायला नेते म्हटले, तेव्हा मी लगेच हो म्हणालो. ‘‘मामा, तुम्ही बागा बघायला येताय की वाइन प्यायला?’’ तिने गाडीत बसता बसता विचारले. मी म्हटले, ‘‘बागाईतदार बघायला.’’ तिला ते फारसे कळले नसावे. पण तीन दिवस ती मुकाट्याने गाडी चालवत राहिली आणि मी माणसे बघत राहिलो.

नकाशा उघडला की या भागाला ‘बोटांची तळी’ का म्हणतात ते समजते. न्यूयॉर्क राज्याच्या मध्यावर, महानगरापासून मोटारीने चार-पाच तासांच्या अंतरावर, उत्तर-दक्षिण पसरलेली अकरा लांबट तळी आहेत. कोणी ओल्या मातीवर बोटे ओढावीत तशी. ही बोटे हिमयुगातल्या बर्फाची. मैलभर जाडीचे हिमनद सरकत आले आणि जुन्या नद्यांची खोरी खरवडून खोल करून गेले. त्यातले सेनेका तळे सुमारे साठ किलोमीटर लांब आणि १८८ मीटर खोल आहे. इतके खोल, की त्याचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली जातो.

या खोलीतच द्राक्षाचे सगळे रहस्य आहे. इथला हिवाळा भयंकर. पारा शून्याखाली वीस अंश जाणे ही नित्याची गोष्ट. अशा थंडीत द्राक्षवेलीचा डोळा आतल्या आत मरतो. पण एवढे प्रचंड पाणी उन्हाळाभर ऊन पिऊन ठेवते आणि हिवाळाभर ते हळूहळू सोडत राहते. सेनेका तळे सहसा गोठतच नाही. काठच्या उतारावरची थंड हवा जड असल्यामुळे घरंगळत खाली जाते आणि पाण्यावरची ऊबदार हवा वर येते. वसंतात याच्या उलट. तेव्हा पाणी थंडगार असते, ते काठावरच्या वेलींना लवकर फुटू देत नाही. त्यामुळे उशिराच्या हिमकडाक्यातून कोवळे फुटवे वाचतात. म्हणजे तळे एकाच वेळी शेगडीही आहे आणि माठही. या ऊब-थंडीच्या हिशेबावर काठापासून थोड्याच अंतराची जमीन उभी आहे. चढ चढून पलीकडे गेलात की मका आणि गाईगुरे सुरू होतात, द्राक्ष संपते.

या तळ्यांची नावे मात्र इथल्या आताच्या मालकांची नाहीत. सेनेका, कयूगा ही मूळ रहिवासी राष्ट्रांची नावे. मका, घेवडा, भोपळा यांची शेती करणारे, फळबागा राखणारे ते लोक होते. १७७९ साली, स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत, जॉर्ज वॉशिंग्टनच्या हुकमावरून जनरल सलिव्हनच्या फौजेने त्यांची गावे आणि उभी पिके जाळली. नंतर ती जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांत वाटली गेली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेतीचे कौतुक ऐकताना तिच्याही आधीच्या पिढ्या होत्या, हे लक्षात ठेवलेले बरे.

आम्ही सुरुवात केली ती क्यूका तळ्यापासून. इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखे हे तळे, आणि त्याच्या दक्षिण टोकाला हॅमंड्सपोर्ट नावाचे चिमुकले गाव. १८२९ मध्ये इथल्या एका धर्मोपदेशकाने चर्चच्या आवारात द्राक्षवेल लावली, तिथून या प्रदेशाचा द्राक्षेतिहास सुरू होतो. १८६० मध्ये इथे ‘प्लेझंट व्हॅली’ कंपनी निघाली, १८८० मध्ये टेलर कुटुंबाची. द्राक्षे होती इथल्याच रानवेलींच्या वंशातली: काँकर्ड, कटॉबा, डेलावेअर, नायगरा. थंडीला दाद न देणारी, पण वासाला उग्र. काँकर्डचा मणी दाबला की साल हातात राहते आणि गर सुळकन तोंडात जातो. त्याची चव आपल्या द्राक्षासारखी नाहीच. बाटलीतल्या द्राक्षाच्या सरबताला जो वास येतो ना, तोच. नेपल्स नावाच्या शेजारच्या गावात या काँकर्डचे पाय करतात. साल वेगळी, गर वेगळा शिजवून, बिया गाळून, पुन्हा एकत्र करून. पुरणाला लागणारी चिकाटी त्याला लागते आणि चवही तशीच जिभेवर रेंगाळते.

१९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात कित्येक वाइनरी बुडाल्या. काही चर्चच्या विधींसाठी लागणारी वाइन आणि द्राक्षाचा रस विकून कशाबशा तगल्या. बंदी उठल्यावर मोठ्या कंपन्यांचे राज्य आले. शेतकऱ्याने द्राक्षे पिकवायची, कंपनीच्या दारात नेऊन ओतायची आणि चिठ्ठी घेऊन घरी यायचे. मला हे चित्र ओळखीचे वाटले यात नवल नाही.

या चित्रात पहिला खडा टाकला तो एका निर्वासिताने. डॉ. कॉन्स्टंटिन फ्रँक हे युक्रेनमधले द्राक्षतज्ज्ञ. थंड प्रदेशात युरोपीय द्राक्षे कशी जगवावीत हाच त्यांच्या डॉक्टरेटचा विषय. महायुद्धात होरपळून १९५१ मध्ये ते बायको-मुलांसह अमेरिकेत उतरले तेव्हा त्यांचे वय पन्नाशीपुढे होते. अनेक भाषा येत होत्या, पण त्यांत इंग्रजी नव्हती. जिनिव्हा गावातल्या कृषी संशोधन केंद्रात त्यांना काम मिळाले ते ब्लूबेरीच्या वाफ्यांत खुरपणीचे. युरोपीय जातीची द्राक्षे, म्हणजे रीस्लिंग, शार्डोने वगैरे, या थंडीत जगणारच नाहीत असे तिथले सर्वमान्य मत होते. फ्रँक सांगत, याहून थंड मुलखात मी ती पिकवली आहेत. खुरपे हातात असलेल्या माणसाचे कोण ऐकणार?

ऐकले ते शार्ल फूर्निये यांनी. फ्रान्समधल्या शँपेन प्रांतातून १९३४ मध्ये इथे आलेले आणि ‘गोल्ड सील’ कंपनीची वाइन करणारे हे गृहस्थ. १९५३ मध्ये दोघांची गाठ पडली. फ्रेंच भाषा दोघांनाही येत होती. फ्रँक यांचे म्हणणे असे की, वेल मरते ती थंडीने नव्हे, चुकीच्या खुंटाने. लवकर पक्व होणारा, थंडी येण्याआधी काडी पिकवणारा खुंट मिळाला पाहिजे. दोघे गाडी घेऊन खुंट शोधत हिंडले आणि कॅनडातल्या क्युबेकमध्ये एका कॉन्व्हेंटच्या बागेत त्यांना हवा तसा खुंट सापडला. त्यावर हजारो कलमे बांधली गेली. फेब्रुवारी १९५७ मध्ये पारा उणे ३२ अंशांपर्यंत घसरला. त्या थंडीत काही गावठी वेलींनीही मान टाकली, पण फ्रँक यांच्या युरोपीय कलमांना त्या वर्षी फळ आले.

१९६२ मध्ये फ्रँक यांनी क्यूकाच्या पश्चिम काठावर स्वतःची वाइनरी काढली. आज तिथे त्यांची चौथी पिढी काम करते. काचेच्या भिंतीपलीकडे उतारावरच्या ओळी थेट पाण्यापर्यंत गेलेल्या दिसतात. मी त्या बागेच्या कडेला उकिडवा बसून खुंट आणि कलमाचा सांधा पाहत होतो. थंडी पडण्यापूर्वी इथे प्रत्येक वेलीच्या सांध्यावर मातीची भर चढवतात आणि वसंतात ती पुन्हा ओढून काढतात. वरचे खोड मेले तरी मातीखालचे दोन डोळे वाचावेत म्हणून. वेलीला पांघरूण घालायचे आणि काढायचे, हे काम वर्षानुवर्षे, एकेका झाडापाशी. भाचीला वाटले मामांना चक्कर आली.

खुंटाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आपल्याकडच्या थॉमसनच्या बागा खारवट पाण्यावर आणि दुष्काळात तगल्या त्या डॉगरिज खुंटामुळे, आणि हा डॉगरिज मूळचा अमेरिकेतल्या टेक्सासचा. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा किडीने युरोपातल्या बागा उजाड केल्या, तेव्हाही तारले ते अमेरिकन खुंटांनीच. गंमत अशी की ती कीडही अमेरिकेतूनच गेली होती. म्हणजे वर गावोगावची वेगवेगळी द्राक्षे आणि खाली मुळे एका मुलखाची. द्राक्षबागेत परका कोण आणि घरचा कोण हे ठरवणे कठीणच.

हॅमंड्सपोर्टच्या वरच्या टेकडीवर ‘बुली हिल’ ही वाइनरी आहे. तिची कथा इथे जो तो रंगवून सांगतो. टेलर कंपनीच्या संस्थापकाचा नातू वॉल्टर एस. टेलर हा हाडाचा बंडखोर. आपलीच घरची कंपनी वाइनमध्ये पाणी घालते आणि कॅलिफोर्नियाहून टँकरने वाइन आणून मिसळते, असे तो जाहीरपणे बोलू लागला. १९७० मध्ये कंपनीने त्याला काढून टाकले. तो टेकडीवर गेला, आजोबांच्या मूळ जमिनीवर, आणि फक्त इथल्याच द्राक्षांची वाइन करू लागला. १९७७ मध्ये कोका-कोलाने टेलर कंपनी विकत घेतली आणि त्याच्यावर दावा लावला: बाटलीवर ‘टेलर’ हे नाव वापरायचे नाही, ते आता आमचे आहे. कोर्टाने कंपनीची बाजू घेतली. मग या गृहस्थाने पाहुण्यांना बोलावून, हाती काळी पेने देऊन, छापून ठेवलेल्या लेबलांवरचे आपले आडनाव खोडून काढले. नव्या लेबलावर त्याने बोकड काढला. इंग्रजीत एखाद्याला चिडीला आणणे म्हणजे त्याचा बोकड पळवणे. नाव नेलेत, वारसा नेलात, बोकड काही तुम्हाला मिळाला नाही, असा त्याचा टोमणा.

ही गोष्ट ऐकून लोक हसतात. मला हसू आले नाही. ज्या मातीत आजोबा राबले तिथे उभ्या असलेल्या माणसाला स्वतःचे आडनाव वापरता येऊ नये! आणि मग वाटले, आपल्या शेतकऱ्याला तर ते नाव खोडायचीही वेळ येत नाही. ते मुळात लिहिलेलेच नसते.

त्याच सुमारास इकडच्या द्राक्ष उत्पादकांवर मोठे संकट आले होते. लोकांची चव बदलली, गोड आणि उग्र वाइनचा खप घटला, कंपन्यांनी खरेदी आखडली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या दारात माल ओतला ते दारच बंद होऊ लागले. शेतकरी स्वतः वाइन करू म्हणाला तर परवान्याची फी आणि विक्रीवरचे निर्बंध असे, की छोट्या माणसाने त्या वाटेला जाऊच नये. याच कोंडीतून १९७६ चा ‘फार्म वाइनरी’ कायदा आला. गव्हर्नर ह्यू कॅरी यांनी त्यावर सही केली. कायदा साधाच. राज्यात पिकलेल्या द्राक्षांपासून वर्षाला पन्नास हजार गॅलनपर्यंत वाइन करणाऱ्या शेतकऱ्याला सोपा परवाना मिळेल आणि ती त्याला आपल्या दारातच थेट गिऱ्हाइकाला विकता येईल.

‘आपल्या दारातच’ हे दोन शब्द महत्त्वाचे. अनुदान नाही, कर्जमाफी नाही, हमीभाव नाही. फक्त दार उघडण्याची परवानगी. त्या वेळी संपूर्ण राज्यात वीसच्याही आत वाइनरी होत्या. आज चारशेच्या वर आहेत, आणि त्यांतल्या शंभराहून अधिक या तळ्यांच्या काठी. ‘गोल्ड सील’ १९८४ मध्ये बंद पडली, टेलरचा हॅमंड्सपोर्टचा कारखाना १९९५ मध्ये. मोठे गेले, छोटे राहिले. आपल्याकडे सहसा याच्या उलटे ऐकू येते, म्हणून मी ही वर्षे पुन्हा पुन्हा विचारून घेतली.

दुसऱ्या दिवशी सेनेका. वाटेत पेन यान गावाच्या आसपास मेनोनाइट पंथाच्या लोकांच्या काळ्या घोडागाड्या टापा वाजवत जाताना दिसतात. रस्त्याच्या कडेला भोपळे आणि काँकर्डच्या टोपल्या ठेवलेल्या. शेजारी पैशाचा डबा, माणूस कोणी नाही. पश्चिम काठावर हर्मन वीमर यांची वाइनरी आहे. जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यातल्या द्राक्षवाल्या घराण्यातले वीमर १९६८ मध्ये इथे आले ते ‘बुली हिल’वर वाइन करायला. पण मालकाचा जीव संकरित द्राक्षांवर आणि याचा रीस्लिंगवर. मग सोयाबीनचे एक पडीक शेत घेऊन त्यांनी आपली कलमे लावली आणि १९७९ मध्ये आपल्या नावाची पहिली वाइन काढली. मला अधिक भावला तो पुढचा भाग. २००७ मध्ये निवृत्त होताना त्यांनी बाग कुठल्या कंपनीला फुंकली नाही; हाताखाली शिकलेल्या फ्रेड मर्वर्थ या तरुणाच्या आणि त्याच्या मित्राच्या हाती सोपवली. नाव मात्र वीमर यांचेच राहिले. वारसा रक्तानेच चालतो असे नाही. तो हातानेही चालतो.

पूर्व काठावर हॅझलिट कुटुंब १८५२ पासून द्राक्षे पिकवत आहे. १९८५ पर्यंत ती विकली. त्या वर्षी स्वतःची वाइनरी काढली. त्यांची गाजलेली वाइन कुठली उंची नाही, कटॉबापासून केलेली गोडसर, गमतीदार नावाची ‘रेड कॅट’ आहे. जाणकार नाके मुरडतात, गाड्या भरभरून लोक घेऊन जातात. जवळच वॅग्नर यांची १९७९ ची अष्टकोनी इमारत, तीही घरचीच.

पण मला जे हवे होते ते भेटले एका लहानशा वाइनरीत. नाव लिहीत नाही, कारण त्या जोडप्याने माझ्याशी शेजाऱ्यासारख्या गप्पा मारल्या, मुलाखत दिली नाही. जुने लाकडी कोठार, आत स्टीलच्या सहा टाक्या, पुढच्या खोलीत एक लांब मेज. नवरा बागेतून नुकताच आलेला, बोटांना द्राक्षाचा चिकटा. बायको मेजामागे. पाच प्रकारची वाइन, प्रत्येकी दोन घोट, माफक पैसे. गिळायची नसेल तर बाजूला पिकदाणी ठेवलेली. मी तिचा मुक्त वापर केला आणि कोणी वाईट मानले नाही. पहिली रीस्लिंग लिंबासारखी धारदार लागली, दुसरीत किंचित गोडी. बाई म्हणाल्या, ‘‘द्राक्ष तेच, ओळी शेजारच्याच. फक्त दहा दिवस उशिरा तोडली.’’

मी द्राक्षवाल्या घरातला आहे कळताच नवऱ्याने मेज सोडून मला बागेत नेले. मग काय, भाषेची अडचण उरली नाही. भुरी, डावणी, पाखरांचा उपद्रव, मजूर न मिळणे, सगळे सारखेच. त्याने विचारले, ‘‘तुमच्याकडे हिवाळ्यात वेल झोपते तेव्हा पारा कुठवर जातो?’’ मी म्हटले, ‘‘आमच्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये काडीसाठी छाटतो, ऑक्टोबरात फळासाठी. वर्षातून दोनदा.’’ तो वेलीवर हात ठेवून थोडा वेळ गप्प राहिला. ‘‘मग तुम्ही कधी झोपता?’’ म्हणाला.

त्याचे वडील एका मोठ्या कंपनीला द्राक्षे घालत. एका उन्हाळ्यात, पीक वेलीवर असताना, पत्र आले की यंदा तुमचा माल नको. त्या वर्षीची काही द्राक्षे वेलीवरच वाळली. वडिलांनी अर्धी बाग उपटली आणि उरलेल्या अर्धीवर कोठारात दोन टाक्या बसवल्या. हिशेब त्याने मला बोटांवर करून दाखवला. टनभर द्राक्षांतून साधारण सातशे-आठशे बाटल्या निघतात. बाटली वीस-पंचवीस डॉलरला जाते. कंपनीच्या दारात टनाला जे मिळायचे त्याच्याशी याची तुलनाच नाही. ‘‘पण,’’ तो लगेच म्हणाला, ‘‘मधले सगळे आपल्याच अंगावर. टाक्या, बाटल्या, बुचे, लेबले, कर, वर्षभर पैसे अडकून पडणे. आणि शनिवार-रविवार नावाची गोष्ट आमच्या घरात नाही. वडील शेतकरी होते. मी शेतकरी आहे, कारखानदार आहे, दुकानदार आहे आणि बायको माझी सावकार आहे.’’ मेजामागून बाई हसल्या.

इथे एकटा कोणी तगला नाही, हेही त्याने सांगितले. कयूगा तळ्याच्या वाइनरींनी १९८३ मध्ये एकत्र येऊन ‘वाइन ट्रेल’ काढली, म्हणजे एकाच नकाशावर सगळ्यांची दारे. देशातली ती पहिलीच. सेनेकाने १९८६ मध्ये तोच कित्ता गिरवला. शेजारी प्रतिस्पर्धी खरा, पण त्याच्याकडे आलेले गिऱ्हाईक पुढे आपल्याकडे येते. जिनिव्हाचे केंद्र आणि इथाकाचे कॉर्नेल विद्यापीठ पाठीशी. ‘कयूगा व्हाइट’ ही जात त्या केंद्राने १९७२ मध्ये दिली. जिथे फ्रँक यांच्या हाती खुरपे दिले गेले तेच हे केंद्र. संस्थाही शिकतात म्हणायचे.

हे चित्र गुलाबी रंगवण्याचा माझा हेतू नाही. १८ मे २०२३ च्या पहाटे इथे अवकाळी हिमकडाका पडला. फुटवे बोटभर झालेले, ते एका रात्रीत काळे पडले. ज्यांच्याकडे हवा घुसळणारे मोठे पंखे होते त्यांनी ते चालवले. पाण्यालगतच्या बागांना कमी झळ बसली, वरच्या उतारांवर पुष्कळांचे पीक गेले. मी त्याला सांगितले, निफाडला पारा उतरला की आमची माणसे रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. त्याच २०२३ च्या नोव्हेंबर अखेरीस निफाड तालुक्यात गारांनी बागा झोडपल्या. दोघेही थोडा वेळ ओळीच्या टोकाशी उभे राहिलो. आकाशापुढे नाव असलेला आणि नाव नसलेला शेतकरी सारखाच. फरक एवढाच की, त्याच्या कोठारात मागच्या दोन वर्षांची वाइन शिल्लक होती, आणि विकायला तिच्यावर त्याचे नाव होते. द्राक्ष चार दिवसांत सडते. बाटली वाट पाहू शकते. ताजी द्राक्षे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कोणीही वाकवू शकतो.

मग आपण काय करायचे? प्रत्येक बागाईतदाराने वाइन काढावी, असे मी म्हणणार नाही. ज्या राज्यात बायकांनी गावोगावी मतदान करून दारूची ‘बाटली आडवी’ केली, त्यांच्या अनुभवाला मी हसू शकत नाही. दारूने उठलेली घरे मीही पाहिली आहेत, आणि बाटलीवर द्राक्षाचे चित्र असले म्हणून आतला अल्कोहोल सज्जन होत नाही. प्रयोग आपणही केला. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क आले. गंगापूर धरणाच्या पाण्याजवळ सुला उभी राहिली आणि मुंबई-पुण्याची माणसे सुटीला द्राक्षबागेत येऊ लागली. ही मोठीच गोष्ट झाली. पण त्या लाटेत कर्ज काढून उतरलेल्या लहान शेतकऱ्यांपैकी अनेकांच्या टाक्या २००८ नंतरच्या मंदीत भरलेल्याच राहिल्या. वाइनच्या जाती उपटून लोक पुन्हा खायच्या द्राक्षांकडे वळले. धोरणाने कारखाना दिला. गिऱ्हाईक दारापर्यंत आणणारी वाट, शेजाऱ्याशी जोडणारा नकाशा आणि दहा वर्षे कळ काढायची ताकद मात्र ज्याची त्याने आणायची होती. ती मोठ्यांकडे होती.

तरीही या तळ्याकाठून उचलण्याजोगे जे आहे ते वाइनहून मोठे आहे. ते आहे आपल्या मालावर आपले नाव घालण्याचा हक्क, आणि तो आपल्या दारात विकण्याची सोय. बेदाण्याला ते लागू आहे, रसाला आहे, साध्या खोक्यातल्या ताज्या घडांनाही आहे. मोहाडीच्या ‘सह्याद्री’ने शेतकऱ्यांची कंपनी करून द्राक्षे परदेशी पाठवली, तेव्हा हाच धडा वेगळ्या पाटीवर गिरवला. आपला तासगावचा बेदाणा देशभर जातो, पण पुडीवर पिकवणाऱ्याचे नाव मी क्वचितच वाचले आहे. एखाद्या शेतकऱ्याने घरच्या ओट्यावर मेज मांडून, येणाऱ्या-जाणाऱ्याला चार मणी चाखवून, आपल्या नावाची पिशवी हाती द्यावी, यात कोणाच्या घराला धोका आहे?

सातबाऱ्यावरचे नाव सांगते की जमीन कोणाची. तिच्यातून निघालेल्या मालावर नाव कोणाचे, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. क्यूकाच्या टेकडीवरचा तो टेलर त्यासाठी कोर्टात गेला, हरला आणि बोकड काढून मोकळा झाला. परत आल्यावर मी ही हकिकत भावाला सांगितली. तो ऑक्टोबर छाटणी उरकून बसला होता. ऐकून म्हणाला, ‘‘खोडायला तरी नाव होतं की रे त्याचं.’’